मोहाच्या आधीची प्रार्थना

ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला मोहाविषयीचे सल्ले पाठ असतात. प्रार्थना करा, वचन वाचा, सगळं प्रभूवर सोपवा. सल्ले खोटे नाहीत. पण रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरचे झोपलेत आणि हातात मोबाईल आहे, अशा वेळी त्यांतला एकही कामाला येत नाही. प्रार्थना नेमकी कधी करायची, तिच्यात काय मागायचं आणि प्रभूवर सोपवल्यावर आपल्या हातापायांनी काय करायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की बहुतेक जण देवाकडे फार उशिरा जातात. मोह ऐन भरात आल्यावर जातात, नाहीतर सगळं घडून गेल्यावर रडत जातात. मदत मागायची वेळ त्याच्या बरीच आधी येऊन गेलेली असते.

दोन गोष्टी आधी मोकळ्या करू. ‘वासना’ म्हटलं की मंडळीत माना खाली जातात, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच अर्थ येतो. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाच्या कर्मांची यादी आहे, ती सावकाश वाचा. जारकर्म त्यात आहेच, पण त्याच यादीत वैर, मत्सर, संताप, तट पाडणं आणि दारूबाजीही आहे. मंडळीच्या कमिटीची निवडणूक जवळून पाहिलेल्याला या यादीचा मधला भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यावर उपदेश मात्र क्वचितच होतो.

दुसरी गोष्ट, मोह होणं म्हणजे पाप घडणं नव्हे. इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय सांगतो की येशूचीही सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. मनात विचार येणं वेगळं आणि त्याला पाट मांडून बसवणं वेगळं. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी प्रामाणिक माणसं नुसत्या विचारालाच घाबरतात आणि ‘मनात आलं म्हणजे पाप झालंच, आता राहिलं काय’ असं म्हणत पुढचं पाऊल टाकून मोकळी होतात. याकोबाने पहिल्याच अध्यायात क्रम दिला आहे: इच्छा ओढते, भुलवते, गर्भवती होते, मग पाप जन्माला येतं आणि पाप वाढलं की मरण. पंधराव्या शतकात थॉमस अ केम्पिसने हाच क्रम आणखी उलगडला. आधी साधा विचार, मग त्याचं मनात रंगवलेलं चित्र, मग त्याची गोडी आणि शेवटी होकार. मोहाला उंबऱ्यावरच अडवा, असं तो सांगतो. त्यात व्यवहार आहे. चित्र रंगू लागलं की प्रार्थना जड जाते आणि गोडी लागल्यावर प्रार्थना करावीशीच वाटत नाही.

आता मुख्य अडचण. देवावर भिस्त ठेवायची तर आपण काय करायचं? हा वाद जुना आहे. संत ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपली ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतली. तिच्या दहाव्या भागात तो देवाला म्हणतो की तू जे करायला सांगतोस ते करण्याची ताकद आधी तूच दे, मग हवं ते सांग. हे वाक्य रोममध्ये पेलागियस नावाच्या धर्मशिक्षकाच्या कानावर पडलं आणि तो भडकला. त्याला वाटलं, असं बोलून माणसं आळशी होतील; सगळं देवानेच करायचं तर आपण कशाला झटायचं? चर्चने पुढे पेलागियसची शिकवण नाकारली आणि ते योग्यच झालं. पण त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. ‘प्रभू सोडवील तेव्हा सुटेल’ असं म्हणत रोज त्याच परमिट रूमच्या रस्त्याने घरी येणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. ऑगस्टिनचं मागणं त्यांच्यासाठी नाही. ज्याने खरोखर हातपाय हलवून पाहिले आणि आपल्याच्याने होत नाही हे ज्याला कळलं, त्याचं ते मागणं आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातही पौल ‘आत्म्याच्या योगे’ म्हणतो आणि देहाची कर्मं ‘तुम्ही’ ठार करा असंही म्हणतो. दोन्ही एकाच वाक्यात.

तर सुरुवात अशी करा. एकच पाप निवडा. उपवासकाळात पुष्कळ जण मटण, सिनेमा, राग, चहा, मोबाईल असं सगळं एकदम सोडायला निघतात आणि दुसऱ्या आठवड्यात सगळं एकदम धरतात. लोयोलाच्या इग्नेशियसने सोळाव्या शतकात आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एकाच दोषाचं परीक्षण करायला सांगितलं. सकाळी त्या एका दोषाविरुद्ध कृपा मागायची, दुपारी आणि रात्री पाहायचं की किती वेळा घसरलो आणि तेवढे ठिपके वहीत मांडायचे. हे हिशेबी वाटेल, पण ठिपके खोटं बोलत नाहीत. आणि निवडलेल्या पापाला देवासमोर त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. ‘प्रभू, माझा अशक्तपणा दूर कर’ ही प्रार्थना सोयीची आहे, कारण ती कशाबद्दल आहे हे आपल्यालाही विसरता येतं. ‘प्रभू, मी रमीच्या ॲपवर पैसे लावतो आणि बायकोला खोटं सांगतो’ हे मोठ्याने म्हणून पाहा. घरात एकटे असताना म्हणा, पण आवाज काढून म्हणा. जीभ अडखळते. ती जिथे अडखळते तिथूनच सुरुवात आहे.

मागताना मनापासून मागतोय का, हेही तपासा. ऑगस्टिन तरुणपणी शुद्धता मागायचा आणि मनातून म्हणायचा की एवढ्यात नको. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तुमचंही तसंच असेल तर तेच देवाला सांगा: हे सुटावं असं मला पुरतं वाटत नाही, निदान तसं वाटायला लाव. ही लबाडी नाही. पुष्कळांची पहिली खरी प्रार्थना हीच असते.

पुढची पायरी जरा कंटाळवाणी आहे, म्हणून लोक ती गाळतात. २ शमुवेलचा अकरावा अध्याय उघडा. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमातच राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरायला गेला. खाली एक स्त्री अंघोळ करताना दिसली. इथवर त्याच्याकडून मोठा गुन्हा झालेला नाही. मग त्याने माणूस पाठवून चौकशी केली. उत्तर आलं: ही बथशेबा, उरीयाची बायको. उरीया त्याच्याच सैन्यात होता. हे उत्तर म्हणजे थांबण्याची सरळसरळ संधी होती. तरीही त्याने तिला आणायला माणसं पाठवली. त्याच अध्यायाच्या शेवटी उरीया मेलेला आहे. एका उडीत कोणी तिथे पोचत नाही. दावीदही एकेक दार उघडत गेला आणि प्रत्येक दारापाशी परत फिरता येत होतं. आपली गच्ची कुठली हे शोधायला आठवडाभर तीन गोष्टी टिपून ठेवा: मोह झाला ती वेळ, ती जागा आणि त्याच्या तासभर आधी काय झालं होतं. तिसरी सगळ्यांत बोलकी. बहुतेकांना आढळतं की आधी साहेबांनी चारचौघांत बोल लावलेले असतात, किंवा बायकोशी अबोला असतो, किंवा पोट रिकामं असतं, किंवा झोप झालेली नसते. येशूलाही सैतानाने गाठलं ते चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भुकेच्या वेळी. म्हणून थकल्यावर जेवून झोपणं हीही कधीकधी देवावर ठेवलेली भिस्तच असते. एलीया जीवाला कंटाळून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं.

वेळ आणि जागा कळली की प्रार्थना तिच्या आधी सरकवा. लेखाच्या मथळ्याचा अर्थ एवढाच. मोह रात्री अकराला येत असेल तर त्याविषयीची खरी प्रार्थना नऊला करायची, मन शांत असताना. आणि प्रार्थना झाली की उठून एक काम करायचं. मोबाईल स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या बोर्डाला चार्जिंगला लावायचा आणि गजरासाठी साधं घड्याळ उशाशी ठेवायचं. पगाराच्या दिवशी पाय दारूकडे वळत असतील तर सकाळीच प्रार्थना करून पैसे घरी पाठवायचे आणि संध्याकाळी बस बदलायची. नात्यातलं लग्न असेल आणि हळदीच्या रात्री मांडवामागे ग्लास फिरणार हे ठाऊक असेल, तर जायच्या आधीच भावाला सांगायचं, ‘दादा, मी नऊला निघणार, तू मला आठवण कर.’ आपल्याकडे ‘एकच घे रे, माझी शपथ’ हा आग्रह प्रेमाने होतो, म्हणूनच तो जास्त अवघड. तिथे उभं राहून नकाराचे शब्द शोधत बसू नका. वाक्य घरूनच ठरवून न्या.

योसेफाची गोष्ट याच कारणासाठी पुन्हा वाचावी. पोटीफरच्या बायकोने झगा धरला तेव्हा तो झगा सोडून पळाला, एवढं सगळ्यांना आठवतं. त्याआधीच्या ओळींकडे लक्ष जात नाही. ती रोज मागे लागत होती, तो रोज नकार देत होता, तिच्याजवळ थांबायचंही टाळत होता. असं करणं म्हणजे देवाविरुद्ध पाप, हे त्याने पहिल्याच वेळी सांगून टाकलं होतं. पळण्याच्या क्षणी प्रार्थना केल्याचा उल्लेख नाही. तेव्हा तिची गरजच नव्हती, निर्णय आधीच झालेला होता. आणि त्याचं बक्षीस काय मिळालं? तुरुंग. मोह टाळला की देव लगेच भलं करतो, असं या गोष्टीवरून शिकवणाऱ्यांनी अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

शस्त्र म्हणून वचन वापरायचं तर तेही आधी निवडून ठेवावं लागतं. रानात येशूने दिलेली तिन्ही उत्तरं अनुवाद पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे इस्राएल लोक रानात भुकेले असताना जे शिकले त्याविषयीची. प्रसंगाला लागू पडणारं वचन त्याच्या ओठांवर तयार होतं. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या साधूने हे पद्धतशीर केलं. माणसाला छळणारे विचार त्याने आठ गटांत वाटले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, साधनेचा कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व. मग एकेका विचाराला पवित्र शास्त्रातून काय उत्तर द्यायचं याची जवळपास पाचशे वचनं गोळा करून पुस्तक केलं. आपल्याला पाचशे नकोत, एक पुरे. रागीट माणसाने याकोब १:१९-२० घ्यावं. नजर आवरत नसेल त्याने ईयोब ३१:१, जीभ आवरत नसेल त्याने स्तोत्र १४१:३, पैशाच्या हावेला इब्री १३:५. मत्सराला एखादं वचन पुरणार नाही, स्तोत्र ७३ पूर्ण वाचा. दुसऱ्याच्या भरभराटीने पोळलेल्या माणसाने ते देवासमोर ओकून टाकलं आहे. निवडलेलं वचन स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहा आणि पाकिटात, नोटांच्या पुढे ठेवा. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर येणारं वचन या कामाचं नाही. ते सगळ्यांसाठी असतं आणि दुपारपर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही.

एवढं करूनही तो क्षण येतो. मग लांबलचक प्रार्थनेच्या फंदात पडू नका. जॉन कॅसियन याने वाळवंटातल्या गुरूंची संभाषणं लिहून ठेवली. त्यांच्यातले अब्बा इसहाक सांगतात की स्तोत्र ७० चं पहिलं वचन, देवाला तातडीने मदतीला बोलावणारं, प्रत्येक मोहाच्या वेळी म्हणावं. खाण्याची हाव असो, राग असो की झोप न येणं असो. एका श्वासात म्हणून होतं. ते म्हणा आणि जागेवरून उठा. खोली बदला, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, बाहेर जा. सासूशी किंवा सुनेशी शब्दाला शब्द लागत असेल तर वचन मनात म्हणत गॅस बंद करा आणि दाराबाहेर या; भाजी पाच मिनिटं थांबेल. बसल्या जागी मोहाशी युक्तिवाद करणाऱ्याचं पुढे काय होतं ते हव्वेच्या गोष्टीत आलंच आहे.

तरी भागलं नाही तर फोन करा. कोणाला, हे आधी ठरलेलं असावं. आपल्या मंडळ्यांमध्ये ही बाजू सगळ्यांत लंगडी आहे. साक्ष द्यायला लोक उभे राहतात, पण साक्षीतलं पाप नेहमी दहा वर्षांपूर्वीचं असतं. याकोब मात्र एकमेकांजवळ पाप कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो. जॉन वेस्लीने १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम केले. गटातल्यांनी आठवड्यातून एकदा भेटायचं आणि गेल्या भेटीनंतर कोणतं पाप झालं, कोणता मोह आला, त्यातून कसे सुटलात, असं एकमेकांना सरळ विचारायचं. गट जमत नसेल तर एक माणूस शोधा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. वयाने थोडा मोठा, तोंडाचा घट्ट, आणि तुमचं ऐकून दचकणार नाही असा. कॅथलिकांकडे पापनिवेदनाची सोय आहेच. तिचा उपयोग वर्षातून एकदा ईस्टरच्या आधी उरकायचं काम म्हणून करू नका, त्याच धर्मगुरूकडे महिन्याला जा. प्रॉटेस्टंट घरांत पाळकसाहेबांना सांगायला लोक बिचकतात, कारण गोष्ट कमिटीपर्यंत पोचेल अशी भीती असते. ती भीती कधीकधी खरी असते. मग दुसऱ्या गावच्या मंडळीतला माणूस निवडा.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. तुमच्या पापाचा मार दुसऱ्याच्या अंगावर पडत असेल, घरात हात उचलला जात असेल किंवा लहान मुलाला इजा पोचत असेल, तर हा एकांतात प्रार्थना करून हळूहळू सुधारण्याचा विषय नाही. ज्याला त्रास होतोय त्याची सुरक्षितता आधी. त्यासाठी घर सोडावं लागलं, पोलिसांत जावं लागलं तरी. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि सहन कर’ असं सांगणारा वचनाचा गैरवापर करतो. आणि दारू हाताबाहेर गेली असेल, सकाळी ती घेतल्याशिवाय हात थरथरत असतील, तर फक्त उपासप्रार्थनेवर ती एकदम तोडू नका. अशा शरीराला दारू अचानक बंद झाली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर लागतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून भरतात. तिथली पहिलीच पायरी आपण हतबल आहोत हे कबूल करण्याची आहे, ती ख्रिस्ती माणसाला परकी वाटू नये. मन खचलं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी होत नाही. लूक स्वतः वैद्य होता.

आता पडल्यावर काय करायचं ते. पडणार आहातच. पडल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा, कारण त्या तासात दोन आवाज येतात. एक म्हणतो, फार काही झालं नाही. दुसरा म्हणतो, आता कुठल्या तोंडाने प्रार्थना करणार, रविवार जाऊ दे, मन शुद्ध झालं की जा. दुसरा आवाज धार्मिक वाटतो, म्हणून जास्त माणसं त्याच्या नादाने दूर जातात. प्रभुभोजनाला न जाता मागच्या बाकावरून उठून जाणारे काही सगळेच बेफिकीर नसतात. पेत्राकडे पाहा. तो नाकारणार हे येशूला आधीच ठाऊक होतं आणि तुझ्यासाठी मी प्रार्थना केली आहे, असं त्याने पेत्राला पडण्याआधीच सांगून ठेवलं होतं. पेत्राने येशूला नाकारलं ते प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने त्याला बोलावलं, तिथेही योहानाने कोळशाचाच विस्तव नोंदवला आहे, त्यावर मासळी आणि शेजारी भाकर. आधी न्याहारी झाली. प्रश्न नंतर विचारले, तीन वेळा, आणि दर वेळी काम सोपवलं. तेव्हा पडलात तर त्याच तासात परत या. स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा, झालं ते नावानिशी सांगा, १ योहान १:९ मधलं आश्वासन आपल्यासाठी आहे हे धरून चाला, वहीत ठिपका मांडा, ठरलेल्या माणसाला कळवा. कोणाचे पैसे घेतले असतील तर ते परत करण्याचा दिवसही तेव्हाच ठरवा. नंतर जेवा. स्वतःला कोसत बसणं हा पश्चात्ताप नव्हे.

महिना-दीड महिना हे नीट चाललं की मोहाची जागा रिकामी पडते. तिथे वेगळा धोका आहे. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू अशुद्ध आत्मा निघून गेलेल्या घराविषयी बोलतो: झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं. तो आत्मा आणखी सात जण घेऊन परत येतो. इफिसच्या मंडळीला लिहिताना पौल चोराला चोरी सोड एवढंच सांगून थांबत नाही; हातांनी काम कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं सांगतो. चोरी करणारे हात देणारे व्हावेत, इतका तो बदल पूर्ण आहे. म्हणून जो वेळ आणि पैसा मोकळा झाला तो कोणाच्या तरी नावाने लावून टाका. रमीत जाणारे पैसे पुतण्याच्या फीला. रात्रीचा तास सकाळच्या भक्तीला, आणि त्यासाठी लवकर झोपायला. आवारात चहाडीत जाणारा रविवारचा अर्धा तास अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीकडे, जिला उपासनेला येता येत नाही. उपदेश काय झाला हे ती बारकाईने विचारते, त्यामुळे ऐकावाही लागतो.

एवाग्रियसने पोकळ मोठेपणा आणि गर्व यादीच्या शेवटी ठेवले होते. बाकीचे विचार हरले की हे दोन येतात, हा त्याचा अनुभव. ऑगस्टिननेही त्याच दहाव्या भागात, बिशप झाल्यावर, स्तुतीचा मोह आपल्याला अजून कसा छळतो हे लपवाछपवी न करता लिहिलंय. तेव्हा पहिलं पाप सैल झालं आणि दुसऱ्या कोणाला ‘माझं बघ, सुटलं ना’ असं सांगण्याची इच्छा झाली, की वहीचं नवीन पान उघडायची वेळ झाली समजा. दुसरा दोष निवडताना फार विचार करत बसू नका, घरच्यांना विचारा. त्यांच्याकडे यादी तयार असते. त्यातला पहिला ऐकून राग आला, तर तोच घ्या.